तिकीट कोणत्या स्थानकाच्या नावावर पडतं? खानदेशातल्या एका हॉल्टचं प्रकरण

सकाळच्या धुळे गाडीला या हॉल्टवर, म्हणजे मास्तर नसलेल्या लहान थांब्यावर, साठ माणसं चढतात. कॉलेजची पोरं-पोरी, मार्केट यार्डात हमालीला जाणारे, दवाखान्याचे कागद पिशवीत घेतलेली म्हातारी माणसं. रेल्वेच्या हिशोबात मात्र त्या दिवशी या स्थानकावरून निघालेले प्रवासी दिसतात अठरा. उरलेले बेचाळीस जण सगळे फुकटे नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी रेल्वेला पैसे दिलेले आहेत, फक्त ते दुसऱ्या स्थानकाच्या नावावर जमा झाले आहेत. गाव संध्याकाळच्या गाडीची वेळ बदलून मागतं, फलाट उंच करून मागतं, आणि प्रवासीसंख्या अपुरी असल्याचं उत्तर येतं.

स्थानक नमुन्यादाखल घेतलं आहे आणि त्याची माणसं व वेळा हिशोब कळावा म्हणून धरल्या आहेत. नियम, मापं आणि मार्गाचा इतिहास मात्र खरा आहे. खानदेशातल्या शाखामार्गांवर ज्यांचं गाव आहे त्यांना आपले आकडे यात भरून पाहता येतील.

स्थानक गावाबाहेर का

मुंबईहून भुसावळकडे गेलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मुख्य लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशी गेली. धुळे, म्हणजे तेव्हाच्या अखंड खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठाणं, बाजूला राहिलं. 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, त्याच्या आधीच, 1900 साली, चाळीसगावहून धुळ्यापर्यंतचा सुमारे 56 किलोमीटरचा फाटा सुरू झाला. या भागाचं मुख्य नगदी पीक कापूस. जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबलेल्या गाठी मुख्य लाइनपर्यंत आणि तिथून मुंबई बंदरापर्यंत न्यायला रेल्वेसारखं दुसरं साधन तेव्हा नव्हतं. 1925 साली जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, 1951 साली मध्य रेल्वे झाली, आणि हा फाटा भुसावळ मंडळात (डिव्हिजनमध्ये) राहिला.

वाटेत भोरस, जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, मोरदड तांडा अशी लहान स्थानकं. सरासरी काढली तर आठ किलोमीटरला एक. अशा स्थानकांपैकी बरीच गावाच्या वेशीपासून लांब शेतात का उभी आहेत, असं नेहमी विचारलं जातं. कारण जमिनीच्या उतारात आहे. ब्रॉडगेजच्या स्थानक यार्डात उतार 400 ला 1 पेक्षा जास्त चालत नाही, आणि शक्यतो 1200 ला 1 ठेवावा असा संकेत आहे. उभा केलेला डबा आपोआप घरंगळू नये म्हणून ही अट आहे. लूप लाइन (मुख्य लाइनला बाजूने जोडलेली, गाडी थांबवून ठेवायची दुसरी लाइन) बसेल एवढा सपाट आणि सरळ तुकडा जिथे सापडला तिथे स्थानक झालं. गाव कुठे आहे हे त्यानंतर पाहिलं गेलं.

मास्तर गेला त्याचं कारण

एकेरी लाइनवर समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या लूपवर. दोन स्थानकांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी याची हमी बरीच वर्षं टोकनने दिली. नील्स बॉल टोकनचं यंत्र दोन्ही बाजूंच्या स्थानकांत असतं आणि विजेच्या तारेने जोडलेलं असतं. पुढच्या मास्तरने घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून पोलादी गोळा निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघत नाही. तो गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवीला वेताचं मोठं कडं लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा मिळाला तरच पुढच्या तुकड्यात जायचं. पुढच्या स्थानकावर तो पैटमन (पॉइंट्समन) उतरवून घेणार आणि मास्तर परत यंत्रात टाकणार.

हे काम रात्रंदिवस चालतं, त्यामुळे मास्तर आणि पैटमन पाळीने हजर लागत. मास्तर हजर म्हणून तिकीट खिडकी उघडी, खोलीत दिवा, रांजणात पाणी आणि गाडीला किती उशीर आहे हे सांगणारं माणूस. गावाला जी ‘स्टेशनची सोय’ वाटत होती ती सगळी गाडी चालवण्याच्या कामाला चिकटून आलेली होती.

मालवाहतूक ट्रककडे गेली. गाड्या कमी झाल्या तशी प्रत्येक आठ किलोमीटरला क्रॉसिंगची गरज उरली नाही. लूप आणि सिग्नल काढले की स्थानक ब्लॉक स्थानक, म्हणजे पुढच्या तुकड्यात गाडी सोडण्याची परवानगी देणारं-घेणारं स्थानक, राहत नाही. नियमपुस्तकात त्याचा वर्ग ‘डी’ होतो: दोन ब्लॉक स्थानकांच्या मधली, गाडी नुसती थांबण्याची जागा. मास्तरचं कामच संपतं आणि त्याच्याबरोबर खिडकीही जाते. प्रवासी घटले म्हणून मास्तर गेला, असं गावात सांगितलं जातं. अशा बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो: आधी क्रॉसिंग गेलं, मग खिडकी, आणि खिडकी गेल्यावर कागदावरचे प्रवासी घटले. अर्ज लिहिताना हा क्रम नीट मांडला तर त्याला वजन येतं.

हॉल्ट एजंट आणि पुठ्ठ्याचं तिकीट

मास्तर गेल्यावर तिकीटविक्री हॉल्ट एजंटकडे येते. तो रेल्वेचा नोकर नसतो. मंडळाचा वाणिज्य विभाग स्थानिक माणसाशी करार करतो, अनामत घेतो आणि विक्रीवर टक्केवारी देतो. एजंटचा हिशोब जवळच्या मोठ्या स्थानकाला, म्हणजे पालक स्थानकाला, जोडलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तिकिटांचा साठा तिथून आगाऊ पैसे भरून आणावा लागतो. हाताशी पैसे नसले की साठा कमी आणला जातो, आणि नेमका आठवडे बाजाराच्या दिवशी तो संपतो.

पुठ्ठ्याच्या तिकिटांचा हिशोब साधा आणि चोख असे. प्रत्येक गंतव्य स्थानकाची वेगळी गड्डी, प्रत्येक तिकिटावर छापील क्रमांक. लहान क्रमांक आधी विकायचा. सकाळी गड्डीचा पहिला क्रमांक 4370 असेल आणि रात्री 4383, तर तेरा तिकिटं विकली गेली. मधलं एक हरवलं तरी त्याचे पैसे विकणाऱ्याने भरायचे. छापील तिकिटं जाऊन संगणकाची आली तरी तत्त्व तेच आहे: विक्री त्याच स्थानकाच्या नावावर पडते जे तिकिटावर ‘पासून’ म्हणून लिहिलेलं आहे. उतरणारे प्रवासी या मोजणीत येत नाहीत.

एजंट फक्त सकाळच्या गाडीला येतो, दुपारच्या नाही, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्याचा हिशोब पाहिला तर कारण समोर येतं. साध्या गाडीचं किमान भाडं 10 रुपये. अठरा तिकिटं म्हणजे 180 रुपयांची विक्री, आणि त्यातलीही पाच मोबाइलवरची असतील तर त्यांचं कमिशन एजंटला नाही. उरलेल्या 130 रुपयांवर टक्केवारी कितीही धरली तरी शेतात जाणाऱ्या मजुराच्या एका रोजापर्यंत ती पोचत नाही. माणूस आळशी आहे असं समजून एजंट बदलत राहिल्याने काही साधत नाही. पुढचाही तेवढ्याच पैशांत तेवढंच येणार.

बेचाळीस माणसं कुठे जातात

सकाळच्या साठ जणांची विभागणी अशी धरू. तेरा जणांनी एजंटकडून तिकीट घेतलं, पाच जणांनी मोबाइलवर. हे झाले अठरा. सत्तावीस जणांकडे मासिक पास आहे, पण तो धुळ्याच्या खिडकीवर ‘धुळे ते गाव’ असा काढलेला. एजंटकडे पास मिळत नाही आणि कॉलेज धुळ्यात, म्हणून तिथेच काढला. नऊ जण एजंट उशिरा आल्यामुळे तसेच चढले. सहा जणांनी अलीकडच्या मोठ्या स्थानकावरून तिकीट आणवून घेतलं, कारण तिथे खिडकी नक्की उघडी असते.

सगळ्यात मोठी गळती पासची आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. प्रवासीसंख्येच्या गणनेत एक मासिक पास म्हणजे महिन्याला 50 फेऱ्या धरतात: पंचवीस दिवस, जाऊन-येऊन. सत्तावीस पास म्हणजे 1,350 फेऱ्या, आणि त्या सगळ्या धुळ्याच्या खात्यात. गावाच्या खात्यात रोज अठराप्रमाणे 540. हेच पास ‘गाव ते धुळे’ असे काढले, तर पास चालतो त्याच दोन स्थानकांत, पैसे तेवढेच लागतात, पण गावाचा आकडा 540 वरून 1,890 होतो. त्यात बिनतिकिटाच्या नऊ जणांचे 270 धरले की 2,160. म्हणजे एकही नवा प्रवासी न वाढता चौपट.

विद्यार्थ्यांच्या पासचं वेगळं सांगायला हवं. बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. त्यासाठी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्रावर ‘पासून’ या रकान्यात राहत्या गावाच्या स्थानकाचं नाव लिहिलं जातंय ना, हे कॉलेजच्या कार्यालयात एकदा पाहून घ्यावं. गावाचा अर्ज गावाला येणाऱ्या गाडीसाठी असेल तर यातला प्रत्येक पास कामाचा आहे.

बिनतिकिटाच्या नऊ जणांना कायद्यात वाट आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. तिकीट मिळालंच नाही तर गाडीत बसण्याआधी ट्रेन मॅनेजरला (पूर्वीचा गार्ड) सांगून तसा दाखला घ्यायचा. तो असेल तर फक्त भाडं भरावं लागतं. नसेल आणि तपासणीत सापडलं तर भाड्यावर किमान 250 रुपये जास्तीचा आकार. दाखला घेतला तरी पैसे धुळ्याला पावतीवर भरले जातात, त्यामुळे गावाच्या विक्रीत ते दिसत नाहीतच. पण एजंट हजर नव्हता याची ती लेखी खूण असते आणि पुढे अर्जाला जोडता येते.

मोबाइलच्या तिकिटात दोन अडचणी येतात. एक, फलाटावर रेंज नसते. दोन, कागदाविना तिकीट स्थानकाच्या आत आल्यावर नेहमीच्या पद्धतीने निघत नाही, तिथला क्यूआर फलक स्कॅन करावा लागतो, आणि हॉल्टवर तो फलक बऱ्याचदा नसतो किंवा उन्हाने पांढरा पडलेला असतो. म्हणून तिकीट घरूनच काढावं. 200 किलोमीटरच्या आतल्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू करता येतो. दिवसातून मोजक्या गाड्या असलेल्या मार्गावर ही मुदत पुरेशी आहे.

कोणत्या वर्षाचे आकडे धरायचे

मार्च 2020 मध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर त्या सुरू झाल्या तेव्हा साध्या गाड्यांनाही एक्स्प्रेसचं भाडं लागलं आणि 10 रुपयांचं किमान तिकीट 30 रुपयांचं झालं. हमाली करणाऱ्याला जाऊन-येऊन 60 रुपये परवडत नाहीत. माणसं काळीपिवळीत आणि मोटरसायकलवर गेली. फेब्रुवारी 2024 अखेरीस साधं भाडं परत आलं, पण मधल्या चार वर्षांचे पडलेले आकडे नोंदीत राहिलेच. पाच वर्षांची सरासरी काढली की स्थानक मेल्यासारखं दिसतं. अर्जात तुलना 2024 च्या एप्रिलपासून पुढची मागावी, आणि का ते एका वाक्यात लिहावं.

श्रेणीबद्दल खोटी आशा दाखवू नये. हॉल्टच्या तीन श्रेणी आहेत. वर्षाला पाच लाख रुपये उत्पन्न किंवा एक लाख प्रवासी यांच्या आतली स्थानकं शेवटच्या, एचजी-3 श्रेणीत येतात. एक लाख म्हणजे रोजचे 274. आपल्या स्थानकाचे चौपट झालेले आकडे वर्षाला 25,920 होतात; श्रेणी तीच राहते. तरी आकडा वाढवायचा तो दोन कारणांसाठी: तुटपुंज्या विक्रीचे हॉल्ट बंद करण्याचा विचार वेळोवेळी होतो, आणि वेळ बदलण्याच्या मागणीत मंडळ हाच आकडा आधी पाहतं.

वेळ बदलून मागताना

धुळ्याहून परतीची गाडी 4.40 ला सुटते असं धरू. कॉलेजची प्रॅक्टिकलं पाचला संपतात. गावाने अर्ज दिला: गाडी 5.30 ला सोडावी. मंडळाने नकार दिला. विद्यार्थ्यांवर अन्याय झाला असं गावाला वाटलं, आणि ते रास्तच आहे. पण अर्जात गाडीचं गणित नव्हतं.

गाड्या चालवणारा परिचालन विभाग एका गाडीकडे वेगळं पाहत नाही. तीच मेमू (वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी) दिवसभर फेऱ्या करते. एक फेरी 50 मिनिटं पुढे ढकलली की चाळीसगावला पोचून परत निघायची वेळ सरकते, मुख्य लाइनच्या गाडीशी असलेला मेळ तुटतो, लोको पायलटचे कामाचे तास ओलांडले जाऊ शकतात, आणि एकेरी लाइनवर क्रॉसिंगची जागा बदलते. म्हणून अर्जात दोन पर्याय हवेत. पहिला: 5.20 ला सोडावी, चाळीसगावचा थांबा तेवढा कमी करावा, पुढची फेरी आहे त्या वेळेला निघावी. दुसरा: सगळी संध्याकाळची साखळी 30 मिनिटं सरकवावी. प्रत्येक पर्यायात चाळीसगावला कोणती गाडी मिळेल आणि कोणती सुटेल ते लिहावं.

मेमू आल्यापासून पहिला पर्याय शक्य कोटीतला झाला आहे. इंजिनच्या गाडीला शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून, दुसऱ्या लाइनने फिरवून, दुसऱ्या टोकाला जोडून, ब्रेकची तपासणी करून मगच परत निघता येतं. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, लोको पायलट चालत दुसऱ्या टोकाला जातो. चाळीसगाव–धुळे मार्गावर ती डिसेंबर 2021 पासून धावते.

अर्जाआधी माहिती अधिकारात भुसावळ मंडळाच्या वाणिज्य विभागाकडून महिनावार तीन आकडे मागावेत: या स्थानकापासूनची तिकिटं, या स्थानकापासूनचे पास, आणि इतर स्थानकांवरून या स्थानकापर्यंत काढलेले पास. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. तिसरा आकडा विसरू नये. गळती तिथेच दिसते. सोबत गावाने दोन आठवडे प्रत्येक गाडीला चढणारे-उतरणारे मोजावेत, परीक्षेचा किंवा लग्नसराईचा आठवडा वगळून. अर्ज मंडळ रेल्वे प्रबंधकांना, प्रती वाणिज्य आणि परिचालन या दोन्ही विभागांना, खासदारांना आणि मंडळाच्या रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीच्या सदस्याला. नवं वेळापत्रक लागण्याच्या चार-सहा महिने आधी तो पोचला तर उपयोग.

फलाट

इथला फलाट रुळाच्या पातळीचा आहे. डब्याचा तळ रुळापासून सुमारे सव्वा मीटर उंच. म्हणजे साठीच्या बाईला हँडल धरून उभ्या पायऱ्यांवर स्वतःला ओढून घ्यावं लागतं, तेही एका मिनिटाच्या थांब्यात, मागे वीस माणसं उभी असताना. 455 मिलिमीटरचा फलाट झाला तरी चढण जवळपास 80 सेंटिमीटरवर येते. 760 ते 840 मिलिमीटरच्या उंच फलाटावर ती अर्ध्या मीटरच्या आत. आठ डब्यांच्या गाडीला सुमारे 180 मीटर लांबी पुरते. पूर्ण यार्डाएवढा फलाट मागण्यापेक्षा तेवढाच, पण उंच मागावा.

हे काम श्रमदानाने करायचं नाही. फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून 1,670 ते 1,680 मिलिमीटरवर असते; एवढ्या बारीक मापात चूक झाली तर डबा घासतो. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फलाटाच्या भिंतीमागे तीच भरली तर दोन पावसाळ्यांत भिंत रुळाकडे झुकते. भराव मुरुमाचा हवा, भिंतीला पाणी निघायची भोकं हवीत, पृष्ठभागाला रुळापासून दूर उतार हवा, आणि टोकाचा उतार 6 ला 1 पेक्षा उभा नसावा. ठेकेदाराचं काम चालू असताना गावाने पाहण्यासारखी गोष्ट ही आहे.

बाक, पाण्याची टाकी आणि सावलीची झाडं मात्र रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागाच्या लेखी परवानगीने गावाला देता येतात. निंब लावायचा तर फलाटाच्या मागच्या कुंपणापाशी. लाइनवर 25,000 व्होल्टची तार आहे आणि फांदी तिच्या जवळ कधीच येता कामा नये.

पास गावाच्या नावावर काढायला सुरुवात एप्रिलपासून करावी, म्हणजे आर्थिक वर्ष पूर्ण मिळतं. ऑक्टोबरात माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज, रकाने तेच, महिने एप्रिल ते सप्टेंबर, शेजारी आदल्या वर्षीचे तेच महिने. तो तक्ता हाती आल्यावर एजंटची दुपारची हजेरी आधी मागावी, कारण विक्री वाढल्यावर त्याचं कमिशनही वाढलेलं असतं आणि करारात दोन्ही गाड्यांची अट घालणं वाणिज्य विभागाच्याच हातात आहे. गाडीच्या वेळेचा अर्ज त्यानंतर, त्याच तक्त्यासह.